मागचं झाड

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेभावाकडे बेसबॉल कार्डांच्या सहा जाडजूड फायली आहेत. पहिल्या पाच कुठल्याही संग्राहकाकडे असतात तशाच आहेत: आधी वर्ष, मग वर्षातला क्रमांक. सहावीत मात्र खेळाडू कोण याला काही किंमत नाही. तिच्या पहिल्या पानावर प्लास्टिकचे नऊ कप्पे आहेत आणि त्यांत नऊ कार्डं. संघ वेगळे, वर्षं वेगळी, बरीचशी नावं बेसबॉलच्या जुन्या चाहत्यांनाही चटकन आठवणार नाहीत अशी. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच. प्रत्येकाच्या खांद्यामागे, एकाच्या तर थेट टोपीतून उगवल्यासारखं, पामचं झाड आहे.

दुसऱ्या पानावर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मोटारी. तिसऱ्यावर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. पुढे धावफलक, पाण्याच्या टाक्या, कुंपणावरच्या जाहिराती, आणि एका पानावर नुसते मागून चाललेले लोक, ज्यांना आपला फोटो निघतोय याची कल्पनाही नाही.

मला बेसबॉल अनुवादाच्या कामापुरता कळतो. पण ही फाईल मी दोन संध्याकाळी बसून वाचली, आणि नंतर ती डोक्यातून जाईना. पुस्तकाबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलता येईल का, हे या लेखात पाहायचं आहे. पार्श्वभूमीवरून संग्रह करणं हा निव्वळ विक्षिप्त छंद आहे, की ती वाचनाची एक पद्धत आहे? आणि पद्धत असेल, तर तिच्यातून काय निसटतं?

ज्यांनी बेसबॉल कार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच असा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. आधी सिगारेटच्या पाकिटातून, मग बबलगमसोबत, आणि आता नुसतंच विकलं जाणारं. आपल्याकडेही माझ्या लहानपणी बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. मी ती जमवली होती. आज त्यातल्या एकाही चित्रात मागे काय होतं ते मला सांगता येणार नाही.

या छंदाची उतरंड ठरलेली आहे. वरती दिग्गज, त्यांचं पहिलं कार्ड सर्वात वर. खाली ‘कॉमन’, म्हणजे ज्यांना कोणी विचारत नाही असे खेळाडू, पेटीत ढीग घालून चिल्लर भावानं विकले जाणारे. १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीनं काढलेल्या संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेलं. १९५२ च्या टॉप्स संचातलं मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाखांना. सहाव्या फायलीतली बहुतेक कार्डं त्या कॉमनच्या पेटीतून आलेली आहेत. दादा प्रदर्शनात विक्रेत्याच्या टेबलाखालची पेटी ओढून तासन्‌तास बसतो, आणि विक्रेता कीव येऊन विचारतो, कोणता खेळाडू शोधताय? झाड शोधतोय असं सांगायची त्याची हिंमत होत नाही.

ही उतरंड ज्यानं एका अर्थानं लिहून काढली त्या माणसाबद्दल मला मात्र अतोनात आदर आहे. जेफरसन बर्डिक हे न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचे, विजेच्या उपकरणांच्या कारखान्यातले कामगार, संधिवातानं हात वाकडे झालेले. त्यांनी आपला तीन लाखांहून जास्त छापील वस्तूंचा संग्रह, त्यातली तीस हजारांवर बेसबॉल कार्डं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊ केला. संग्रहालयानं अट घातली की लावून तुम्हीच द्यायचा. पुढची दीडेक दशकं ते कार्डं आल्बममध्ये चिकटवत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं पान संपलं, मार्चमध्ये ते वारले. त्यांनी सूची केली ती कार्ड काढणाऱ्या उद्योगावरून आणि काळावरून: एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूला एक अक्षर, विसाव्या शतकातल्या तंबाखूला दुसरं. वॅग्नरच्या संचाला आजही टी-२०६ म्हणतात ते त्यांच्यामुळेच. म्हणजे या शास्त्रात कार्डाची ओळख पटते ती ते कोणी, कधी, कशासोबत विकलं यावरून. चित्रात काय आहे हा प्रश्न त्यानंतरचा, आणि मागे काय आहे हा प्रश्नच नाही.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला हाच वाद दुसऱ्या वेषात भेटला होता. एकच कथावस्तू किंवा आशयसूत्र घ्यायचं, फाउस्ट किंवा शकुंतला किंवा समुद्र, आणि ते भाषाभाषांतून कसं फिरलं याचा माग काढायचा. या पद्धतीचा युरोपात एकेकाळी दबदबा होता. क्रोचेनं तिच्यावर टीका केली, आणि वेलेक-वॉरेन यांच्या १९४९ च्या ‘थिअरी ऑफ लिटरेचर’नं तर साहित्याच्या इतिहासांत हिला सर्वांत कमी वाङ्मयीन ठरवलं. आक्षेप रास्त होता. समुद्र आलेल्या शंभर कविता एकत्र केल्या तर हाती समुद्र लागतो, कविता लागत नाही. परीक्षेत मी हे उत्तर मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं होतं. सहावी फाईल पाहताना वाटलं, काही गुण कापायला हवे होते.

कारण समुद्रावरच्या कवितेत समुद्र कवीनं आणलेला असतो. कार्डातलं झाड कोणी आणलेलं नाही. दादाचा पहिला नियमच तो आहे: मागची गोष्ट आगंतुक हवी. फोटोग्राफरनं ती शोभेसाठी घेतली असेल तर कार्ड बाद. त्यामुळे शिकागोच्या रिग्ली फील्डच्या भिंतीवरची वेल, जिच्यासाठी लोक मुद्दाम फोटो काढतात, तिच्यावर त्याचं आणि त्याच्या संग्राहक मित्रांचं कायम भांडण. वेल १९३७ साली लावलेली. एप्रिलमध्ये तपकिरी काड्या, जूनमध्ये हिरवीगार, म्हणजे फोटो कधीचा ते वेलच सांगते. मित्र म्हणतात, एवढी बोलकी पार्श्वभूमी दुसरी नाही. दादा म्हणतो, बोलकी आहे म्हणूनच नको, तिला पोज द्यायची सवय झालीय.

दुसरा नियम झाडाची व्याख्या. इथे मला माझ्या धंद्यातली अडचण भेटली. मराठीत पामला शब्द काय? माड आहे, ताड आहे, शिंदी, पोफळी, खजूर, भेरली माड आहे. कोकणातल्या माणसाला ही सगळी एका नावाखाली कोंबावीत असं कधी वाटलंच नाही. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ‘ताडवर्गीय’ असतं, पण ‘त्याच्या मागे एक ताडवर्गीय वृक्ष होता’ असं वाक्य कोणी लिहील का? फ्लोरिडाचं राज्यवृक्ष म्हणून १९५३ साली ज्याला मान मिळाला तो सबाल पाम यातला एकही नव्हे. इंग्रजीला एक शब्द पुरतो म्हणून दादाच्या पानावर नऊ झाडं एकत्र नांदतात. तेच पान मराठीत लावायचं तर आधी प्रत्येक झाडाजवळ जाऊन त्याचं नाव विचारावं लागेल. विषयसूत्र जगात तयार पडलेलं नसतं, ते भाषेनं केलेलं असतं, हे मला क्रोचे वाचून जेवढं कळलं नाही तेवढं या पानानं कळलं.

पण झाड मागे आलं कसं? यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि तिथे पहिल्यांदा पार्श्वभूमीच खोटी निघते. १८८६ ते १८९० या काळात न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीनं ‘ओल्ड जज’ सिगारेटसोबत जी कार्डं दिली त्यांत खेळाडू बहुधा फोटो स्टुडिओत उभे आहेत. मागे रंगवलेला पडदा, पायाखाली सतरंजी. तेव्हाचे कॅमेरे उडता चेंडू पकडण्याइतके चपळ नव्हते, म्हणून चेंडू दोऱ्यानं छताला टांगलेला. खेळाडू तो झेलण्याच्या पवित्र्यात गोठलेला, आणि पुष्कळ कार्डांत दोरा स्पष्ट दिसतो. तो दोरा पाहून मला हसू आलं आणि लगेच आमच्या गावातला स्टुडिओ आठवला: मागे तळं, हंस, संगमरवरी जिना, पुढे खुर्चीवर ताठ बसलेले आजी-आजोबा. अर्जुन अप्पादुराई यांनी १९९७ च्या एका निबंधात वसाहतींतल्या अशा पडद्यांकडे लक्ष वेधलं होतं. पडदा ही फोटोतली दुय्यम गोष्ट नाही, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं पटवून द्यायची गरज नाही. आपल्या कितीतरी घरांत आजोबांचा चेहरा एक आणि त्यांची स्वप्नं मागच्या पडद्यावर, अशीच वाटणी असते.

टी-२०६ च्या वेळी फोटोवरून शिळाछाप होऊ लागली आणि मागचं सगळं चित्रकाराच्या हाती गेलं. वॅग्नर केशरी रंगासमोर आहे. टाय कॉबच्या एका चित्राला लाल पार्श्वभूमी, दुसऱ्याला हिरवी, आणि हिरवं दुर्मीळ म्हणून महाग. माझ्या माहितीत या छंदाच्या अभिजात दालनात मागच्या रंगावर किंमत ठरण्याचं हेच ठळक उदाहरण. तिथेही कोणी त्या हिरव्याकडे पाहत नाही, त्याच्या दुर्मीळपणाकडे पाहतात.

१९५२ च्या टॉप्सनं काळ्यापांढऱ्या फोटोंवर रंग चढवले. १९५३ मध्ये बोमन कंपनीनं खरे रंगीत फोटो वापरले, आणि धाडस असं की दर्शनी बाजूला खेळाडूचं नावही छापलं नाही. माझ्या लेखी सहाव्या फायलीचा पूर्वज हाच संच. नाव काढून घेतलं की डोळा आपोआप चित्रभर फिरायला लागतो. धंद्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं नसावं. पुढच्या वर्षीच्या कार्डांवर नावं परत आली.

मग साधारण दोन-अडीच दशकं एक सोयीची पद्धत पडली. टॉप्स ब्रुकलिनची कंपनी. तिचे फोटोग्राफर वसंतातल्या सराव शिबिरांत जायचे, बरीच शिबिरं फ्लोरिडात. एरवी न्यूयॉर्कच्या मैदानांवर पाहुणा संघ आला की सामन्याआधी फोटो उरकायचे. ऊन भरपूर, खेळाडू स्थिर उभा, भिंगाचं तोंड लहान ठेवून काढलेला फोटो. त्यामुळे खेळाडूही स्वच्छ आणि मागचं मैलभर जगही स्वच्छ. रिकाम्या खुर्च्या त्यातूनच आल्या. सामना सुरू व्हायला अजून अवकाश आहे आणि नायक चाळीस हजार रिकाम्या जागांसमोर हसतो आहे. हे पान मला सर्वांत आवडलं. खेळाच्या कार्डांत खेळ नाही, प्रेक्षक नाहीत, नुसतं वाट पाहणं.

याच काळातली एक कथा मात्र वेगळी काढून सांगायला हवी. १९५६ च्या टॉप्स कार्डांत प्रत्येक खेळाडूचा मोठा चेहरा आहे आणि त्याच्या मागे त्याचाच खेळतानाचा प्रसंग. हँक एरनच्या कार्डावर मागे एक खेळाडू घसरत होम प्लेटवर येतो आहे. तो एरन नाही, विली मेज आहे. मेजच्या फोटोवर एरनच्या संघाचा गणवेश रंगवला गेला. पुढचा चेहराही १९५४ आणि १९५५ च्या कार्डांवर वापरून झालेला. घाईत झालं असेल, कोणाच्या लक्षात आलं नसेल. तरी एका कृष्णवर्णीय महान खेळाडूच्या मागे दुसरा कृष्णवर्णीय महान खेळाडू त्याच्याच नावानं खपून गेला, ही गोष्ट नुसती गमतीची राहत नाही. दादानं हे कार्ड सहाव्या फायलीत ठेवलेलं नाही, ते पाचवीत आहे. ‘मागे झाड नाही, माणूस आहे,’ तो म्हणाला. मी ‘मागून चाललेले लोक’ असं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. तो काही बोलला नाही.

तर मुख्य मुद्दा. या जुन्या कार्डांत पुढची बाजू सर्रास दुरुस्त केली जायची. खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेला की टोपीवरचं चिन्ह ब्रशनं पुसायचं, नवं रंगवायचं. ते टाळायला एक फोटो टोपीशिवाय काढून ठेवायचा, किंवा त्याला वर आकाशात पाहायला लावायचं, म्हणजे चिन्ह दिसत नाही. १९६८ मध्ये मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालच्या खेळाडू संघटनेनं मोबदल्याच्या वादात टॉप्सला फोटो द्यायचे नाहीत असं ठरवलं. १९६९ च्या संचात जुने फोटो परत आले. त्याच वर्षी चार नवे संघ खेळात उतरले. म्हणजे माँट्रियलचं नाव असलेलं कार्ड, बोडक्या डोक्याचा खेळाडू, आणि मागे जे मैदान आहे तिथे माँट्रियलचा संघ कधी उभाच राहिलेला नाही. नाव खोटं, टोपी गायब. पुसायचं राहून गेलेलं फक्त मागचं. यांकी स्टेडियमची दुरुस्ती चालू असताना १९७४ आणि १९७५ ही दोन वर्षं यांकी संघ शे स्टेडियममध्ये, मेट्सच्या घरी, पाहुण्यासारखा खेळला. त्या दोन वर्षांत घरच्या मैदानावर काढलेला यांकीचा फोटो हा दुसऱ्याच्या घरातला फोटो आहे. खुद्द मेट्सनी पहिली दोन वर्षं, १९६२ आणि १९६३, पोलो ग्राउंड्समध्ये काढली. १९६४ मध्ये ते पाडलं. शे स्टेडियमही आज नाही. पोलो ग्राउंड्सचे तुकडे कार्डांच्या मागून गोळा करणारे लोक आहेत: इथे वरचा मजला, तिथे कुंपणाचा कोपरा.

अनुवाद करताना माझा अनुभव याच्या जवळचा आहे. लेखक नायकाबद्दल खोटं बोलू शकतो, स्वतःबद्दल तर नक्कीच बोलतो. पण खोलीत पंखा होता की नाही, बाहेर कोणतं झाड होतं, चहा कपात आला की पेल्यात, हे तो बेसावधपणे लिहून जातो. आणि संपादनात पहिली कात्री याच ओळींवर चालते, कथानकाला त्यांची गरज नसते म्हणून. सहावी फाईल पाहताना मला वाटलं, हा आमचाच माणूस आहे. पुसायचं राहून गेलेलं वाचणारा.

हे मी दादाला सांगितलं आणि तो खूश झाला. पुढच्या संध्याकाळी मीच ते बिघडवलं.

पामच्या पानावर नऊपैकी तीन खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. कार्डं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची, जागा फ्लोरिडा. आकाश निळं, झाड डोलतंय, माणूस हसतोय. फ्लोरिडातल्या त्या वसंतांचा इतिहास असा: १९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन पहिल्यांदा सराव शिबिरासाठी तिथे आला तेव्हा सॅनफर्ड गावातून त्याला हुसकावून लावलं गेलं. ब्रुकलिन डॉजर्सनी १९४८ मध्ये व्हेरो बीचला स्वतःचा तळ उभारला आणि सगळ्या खेळाडूंची सोय एकत्र केली. बाकी बऱ्याच गावांत गोरे खेळाडू समुद्राकाठच्या हॉटेलात आणि कृष्णवर्णीय खेळाडू गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी घरी, ही व्यवस्था चालू राहिली. सेंट पीटर्सबर्गला यांकी आणि सेंट लुइस कार्डिनल्स दोघेही उतरायचे. तिथलं अल लँग फील्ड ऐन खाडीकाठी. १९६१ च्या वसंतात गावच्या व्यापारी मंडळानं यॉट क्लबात खेळाडूंसाठी न्याहारी ठेवली आणि बोलावणी फक्त गोऱ्यांना गेली. कार्डिनल्सचा पहिल्या बेसवरचा खेळाडू बिल व्हाइट यानं ते पत्रकाराला उघडपणे सांगितलं. त्याच सुमारास गावातले डॉक्टर राल्फ विम्बिश यांनीही, जे वर्षानुवर्षं कृष्णवर्णीय खेळाडूंची राहण्याची सोय लावून देत होते, यापुढे ती लावणार नाही असं जाहीर केलं. ही सोय करून आपण वेगळेपणालाच हातभार लावतो, हा त्यांचा मुद्दा. १९६२ मध्ये यांकींनी गाव सोडून फोर्ट लॉडरडेल गाठलं. कार्डिनल्सचा अख्खा संघ, बायकामुलांसह, एकाच मोटेलमध्ये राहिला. स्टॅन म्युझिअलसारखा तारा आपलं वेगळं बिऱ्हाड सोडून तिथे आला.

यातलं काय आहे त्या झाडात? काहीही नाही. १९६१ चं झाड आणि १९६२ चं झाड सारखंच डोलतं. पुसायचं राहून गेलेलं खरं बोलतं, ही माझी आदल्या संध्याकाळची कल्पना इथे अडली. मैदान खरं आहे, ऊन खरं आहे. पण फोटो काढून झाल्यावर चौकटीतला माणूस कोणत्या दिशेनं चालत गेला हे पार्श्वभूमीला माहीत नाही. आणि विषयसूत्रानं लावलेलं पान हे अज्ञान आणखी पक्कं करतं, कारण नऊ कार्डं शेजारी आली की पाहणाऱ्याला दिसतं ते त्यांचं साम्य. गोऱ्याच्या मागचं झाड आणि काळ्याच्या मागचं झाड एकच, असं हे पान शांतपणे म्हणत राहतं. वेलेक-वॉरेनचा आक्षेप परत आला. फक्त या वेळी प्रश्न वाङ्मयीन गुणांचा नव्हता.

दादाचं म्हणणं असं की कार्डात जे दिसतं तेवढंच कार्डाचं. खेळाडू कुठे झोपला ते पुस्तकात वाचावं. त्याच्याशी मी पूर्ण असहमतही नाही. बेसबॉल कार्डांवरची जी दोन चांगली पुस्तकं मी वाचली आहेत, ब्रेंडन बॉइड आणि फ्रेड हॅरिस यांचं १९७३ चं आणि जॉश विल्करचं २०१० चं ‘कार्डबोर्ड गॉड्स’, तीही कार्डात जे नाही ते आपल्याकडून आणतात, म्हणूनच ती वाचनीय आहेत. पण दोन्ही पुस्तकांचा कणा खेळाडू आहे. कॉमनमधला, विसरलेला, हरलेला, तरी खेळाडू. त्याला नाव आहे, म्हणून त्याच्यामागे गोष्ट जाऊ शकते. सहाव्या फायलीनं नाव मुद्दाम बाजूला ठेवलं आणि त्यातून मोठी समता साधली: मँटल आणि चिल्लर भावाचा राखीव खेळाडू झाडापुढे सारखे. मात्र ज्यांची नावं आधीच कोणी नीट वाचत नव्हतं, ज्यांच्या मागे दुसऱ्याचंच चित्र चिकटवून चालत होतं, त्यांचं नाव बाजूला ठेवणं आणि मँटलचं बाजूला ठेवणं या दोन सारख्या गोष्टी नाहीत.

मला वाटतं, इथे बर्डिक लागतात. झाडावरून लावलेल्या पानाला वर्षाचा आणि गावाचा आधार नसेल तर ते सुंदर चित्रांचं पान राहतं. आणि नुसत्या वर्षाच्या सूचीत झाड कधी दिसणारच नाही. विषयसूत्रानं शोधायचं आणि कालक्रमानं लावायचं, असं काहीसं करावं लागेल. आशयसूत्रांच्या अभ्यासातले चांगले लोक हेच करत आले असावेत. परीक्षेतल्या उत्तरात मी त्यांना जागा दिली नव्हती.

नंतरच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मागे पाहण्यासारखंच फार उरलं नाही. १९७१ पासून टॉप्सनं प्रत्यक्ष खेळातले फोटो नेहमीच्या कार्डांवर आणले. पुढे लांब पल्ल्याची भिंगं आली, आणि अशा भिंगानं खेळाडूला पकडलं की मागचं सगळं विरघळतं. आजच्या कार्डात मागे असते ती रंगीत धूसर भिंत, प्रेक्षक म्हणजे ठिपके. कधी उलट गंमत: २००७ च्या डेरेक जीटरच्या कार्डात कोणीतरी संगणकावर मागे मिकी मँटल आणि प्रेक्षकांत हात हलवणारे जॉर्ज बुश घुसवले. त्यावर खूप हसू झालं, पण दादाच्या नियमानं ते बाद. आगंतुकाला आमंत्रण देऊन आणलेलं आहे. आगंतुकाचं खरं उदाहरण बास्केटबॉलमध्ये सापडतं. १९९०-९१ च्या संचातल्या मार्क जॅक्सनच्या कार्डात मैदानालगतच्या खुर्च्यांवर मेनेंडेझ बंधू बसलेले आहेत, आईवडिलांच्या खुनाबद्दल पुढे जन्मठेप झालेले. हे कोणाच्या लक्षात आलं २०१८ मध्ये. तोवर ते कॉमनच्या पेटीतलं कार्ड होतं. लक्षात आल्यावर मागणी वाढली, भाव वाढला, आणि पार्श्वभूमीही उतरंडीत शिरली.

परत निघायच्या आदल्या रात्री मी दादाला विचारलं की पामच्या पानावरच्या प्रत्येक कार्डाचं वर्ष तुला ठाऊक आहे का. त्याला अंदाज होता, खात्री नव्हती. प्लास्टिक वाचावं म्हणून त्यानं प्रत्येक कप्प्यात दोन कार्डं पाठीला पाठ लावून भरली होती, त्यामुळे मागची छपाई एकाचीही दिसत नव्हती. तिथे जन्मगाव असतं, आधीचे संघ असतात, वर्षावर्षाची आकडेवारी असते, कधी एखादं छोटं व्यंगचित्र. ‘अगं, पण मागे काय लिहिलंय त्याचा झाडाशी काय संबंध?’ तो म्हणाला, आणि झोपायला गेला.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पामची सगळी कार्डं त्यानं कप्प्यांतून काढली आहेत, एका कप्प्यात एकच ठेवतोय, पाठ दिसेल अशी, वर्षाप्रमाणे. १९६१ आणि १९६२ मध्ये नवं पान सुरू केलंय. झाडांची जागा दुप्पट लागतेय, मोटारी आणि पाण्याच्या टाक्या बाहेर पडल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी त्याला सातवी फाईल आणावी लागणार आहे.